पोकळ भिंतीचं स्थानक

श्रेणिकने ते वारूळ मारलं ते बहिणीसाठी. लोक वारूळ फोडतात, उकरतात, नागपंचमीला पुजतातही. पण त्याने जे केलं त्याला मारणंच म्हणावं लागेल. तेही रागाच्या भरात नाही, तर पुस्तकात वाचून, माप घेऊन, हातात रबरी मोजे घालून.

अक्कलकुव्याच्या बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं, झुंबरलालांचं, कापडाचं दुकान. घरात मारवाडी, गल्ल्यावर अहिराणी, आणि डोंगरातून आलेल्या गिऱ्हाइकाशी चार शब्द भिलीचे, असा तिथला व्यवहार. घर जैनांचं. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, आणि साखरेच्या डब्यात मुंगी दिसली की मोठी बहीण किंजल तिला कागदाच्या चिठोऱ्यावर घेऊन अंगणात सोडून यायची. मागे मागे श्रेणिक. 'हिचं घर कुठलं, जीजी?' असं तो विचारायचा, आणि ती खुशाल एखादी भेग दाखवून द्यायची.

त्या किंजलने दीक्षा घेतली. केस गेले, रंगीत कपडे गेले, तोंडावर पांढरी मुहपत्ती आली, आणि नाव झालं महासती मितप्रज्ञाजी. दीक्षेनंतर माहेर उरत नाही. सख्ख्या भावानेही लांबून वंदन करायचं आणि 'महासतीजी' म्हणायचं. 'जीजी' हा शब्द श्रेणिकच्या तोंडात तसाच राहिला, आणि न वापरलेली वस्तू घरात जास्त आठवते तसा तो त्याला सारखा आठवायचा.

आता साध्वींचे नियम कसे असतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पंखा चालत नाही, कारण हवेतही जीव आहेत. कूलरचं तर नावच नको. वाळ्याचा ओला पडदासुद्धा नाही, कारण न उकळलेल्या पाण्यात जीव. पुठ्ठ्याने वारा घ्यायचा नाही. आणि आमचा नंदुरबारचा वैशाख तर असा, की सावलीतली सायकलची सीटसुद्धा चटका देते. एका उन्हाळ्यात महासतीजी पायी विहार करत गावात आल्या आणि जुन्या स्थानकात, म्हणजे जैनांच्या उपासनेच्या जागेत, पत्र्याच्या शेडखाली, भर दुपारी कोसळल्या. श्रेणिक सुट्टीत घरी होता. तो पुठ्ठा घेऊन धावला. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ पांढरे पडलेले, तरी तिने हात उचलून त्याला थांबवलं. पुठ्ठा हातात धरून तो तसाच उभा राहिला. बहीण समोर तडफडते आहे आणि आपण तिला वारा घालू शकत नाही, हे ज्याने पाहिलं नाही त्याने श्रेणिकला नावं ठेवायला घाई करू नये. मीही करत नाही. पण झालं ते झालं.

श्रेणिक नाशिकला आर्किटेक्चर शिकत होता. त्याचं एक खूळ होतं. माणसाने इमारत बांधायला शिकावं ते झाडाकडून, पाखराकडून, किड्यामुंगीकडून, असं तो म्हणायचा. मोलगीच्या बाजारासाठी त्याने सागाच्या पानावरून छप्पर काढलं. मधल्या शिरेतून पावसाचं पाणी झरझर वाहून जाणार होतं. सरांनी मॉडेलवर तांब्याभर पाणी ओतलं, ते झरझर वाहून सरांच्याच बुटात गेलं. मग सुगरणीच्या घरट्यावरून वसतिगृह काढलं. 'झोपायच्या खोल्या छान आहेत,' सर म्हणाले, 'पण पोरांनी आत शिरायचं लटकत की उडत?' सगळा वर्ग हसला, श्रेणिकही हसला. पण पत्र्याखालची दुपार पाहून तो परत गेला, तेव्हा त्याचं हसणं आटलं होतं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्याने वारूळ घेतलं. बाहेर आग ओकत असली तरी वारुळाच्या पोटात गारवा असतो. वीज नाही, पाणी नाही, पातं नाही. नुसत्या पोकळ्यांमधून हवा खालून वर चढत राहते. हे एकदा जमलं की जीजी उन्हाळा काढेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पोकळी कळायची तर ती भरून पाहावी लागते. वारुळात पातळ प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की भोवतीची माती धुऊन काढायची. आतल्या सगळ्या वाटा पांढऱ्या होऊन हातात येतात. जगभर असंच करतात. मात्र वारूळ जिवंत लागतं. वाळवीने सोडून दिलेलं वारूळ आतून ढासळतं, त्याच्या वाटा खऱ्या राहत नाहीत.

मोलगीच्या रस्त्याला, घाट चढून गेल्यावर, उताराला एक पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. दलसिंग गवंडी त्याला तिथे घेऊन गेला. जीपमधून पाण्याचे ड्रम, प्लास्टरची पोती. श्रेणिकने करवतीने वारुळाचा शेंडा उडवला. आत ओलसर काळोख होता आणि कुंद, गोडूस वास. दलसिंगने बादली उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"भाऊ, मझारला समदा मरी जातीन ना?"

"मरेल वारूळनं काम नई, दलसिंग. जितंच पायजे."

बादली दलसिंगने खाली ठेवली आणि तो जीपशी जाऊन बिडी ओढत बसला. श्रेणिकने पहिली बादली स्वतःच ओतली.

तेव्हा तो आवाज आला. सुपात तीळ पाखडावेत तशी सळसळ. वाळवीतले शिपाई संकट आलं की मातीवर डोकं आपटतात, एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा. हेही त्याने वाचलेलं होतं. वाचताना त्याला ते मोठं गमतीचं वाटलं होतं. आता ते सगळं वारूळ त्याच्या पायाखाली डोकं आपटत होतं. प्लास्टर जसं खाली उतरलं तशी सळसळ खाली उतरत गेली, खोल, आणखी खोल, जिथे त्यांची राणी आणि पिल्लं असतात तिथपर्यंत. मग एकदम थांबली. घरातल्या मुंगीला चिठोऱ्यावर घेणारा पोरगा रिकामी बादली धरून उभा होता आणि त्याला आपल्याच घशातून हुंदका फुटतोय हे कळायला वेळ लागला.

पण थांबला नाही. थांबून तरी काय मिळणार होतं? मेलेले परत येणार नव्हते, आणि बहिणीला गारवाही मिळाला नसता.

माती धुऊन निघाली तेव्हा एक पांढरं झाड हाती आलं. फांद्या, उपफांद्या, गाठी. परीक्षक खूष झाले. एका बाईंनी त्यावरच्या बारीक तपकिरी ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'हे टेक्स्चर फार सुंदर आलंय.' ती डोकी होती. श्रेणिकने त्यांचे आभार मानले. ते झाड कॉलेजने काचेच्या कपाटात ठेवून घेतलं, आणि ते घरी न्यावं लागलं नाही याचं त्याला बरंच वाटलं.

मग पत्र्याच्या शेडसमोरच्या मोकळ्या जागेत नवं स्थानक बांधायचं ठरलं. झुंबरलालांनी जैन संघाच्या बैठकीत मुलाचा नकाशा भिंतीवर टांगला. इथे आणखी एक नियम आडवा येतो. साधू-साध्वींसाठी म्हणून बांधलेल्या जागेत ते राहत नाहीत. त्यांच्यासाठी स्वयंपाक केला तर तो त्यांना चालत नाही, तशीच ही गोष्ट. बांधताना जे जीव जातात त्यांचं पाप मग त्यांच्या माथी येतं. जागा श्रावकांनी, म्हणजे संसारी जैनांनी, आपल्या सामायिकासाठी, घटकाभर ध्यानाला बसण्यासाठी बांधावी, साध्वी आल्याच तर उतरतील. बैठकीत कुणीतरी तसं विचारलंच.

"संघासाठी," श्रेणिक म्हणाला. "आपल्यासाठीच."

दुहेरी भिंती, मधे पोकळी, जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ, वर काळी धुराडी. ऊन धुराड्यांवर तापलं की हवा वर खेचली जाते आणि नळांतून गार हवा आत येते. दलसिंगनेच बांधलं. काम चोख झालं. त्याने त्या वारुळाचा विषय परत काढला नाही.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला साध्वी आल्या. महासती मितप्रज्ञाजींचं वर्षीतप होतं, वर्षभर एक दिवस आड उपवास. उसाच्या रसाने पारणं झालं, पण अंगात काही राहिलं नव्हतं. पुढचा विहार करण्याची ताकद नाही म्हणून त्या गुरुणीजींबरोबर नव्या स्थानकात थांबल्या.

आणि स्थानक गार होतं! दुपारी बाजारात कुत्रं फिरकत नव्हतं, डांबर बुटाला चिकटत होतं, आणि आत बायाबापड्या गारव्याला टेकून सामायिक करत होत्या. सामायिकाची गर्दी एकाएकी का वाढली ते देव जाणे, पण मला वाटतं धर्मापेक्षा भिंतीचं पुण्य त्यात जास्त होतं. झुंबरलाल येईल त्याला धरून भिंतीला हात लावायला लावायचे.

"देख, देख! पंखा नई, कूलर नई, तरी बी कितलं गार! मन्हा पोऱ्यानी करेल शे."

महासतीजींच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. श्रेणिकने लांबून वंदन केलं, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की फिटलं. जे केलं ते फिटलं.

त्याच दुपारी भिंतीत सळसळ झाली.

वरून, धुराड्यापासून सुरू झाली. तीळ पाखडल्यासारखी. खाली खाली उतरत गेली, त्याच्या पाठीमागून, कमरेमागून, जमिनीखाली नळांपर्यंत. मग एकदम थांबली. त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणाची माळ थांबली नव्हती. झुंबरलाल डोळे मिटून बसले होते.

विटा तापल्या की आवाज करतात, असं त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी ढग होते, विटा तापल्याच नाहीत. सळसळ झाली. त्याने भिंतीची झडप उघडून कॅमेरा चालू ठेवून आत मोबाइल सोडला. पोकळी स्वच्छ होती, कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. मग त्याने दलसिंगला बोलावलं आणि नेमक्या वेळी भिंतीला कान लावायला सांगितला. श्रेणिकच्या कानात ते आपटणं घुमत होतं.

"काहीच आयकू येत नई, भाऊ," दलसिंग म्हणाला. "निस्ती हवा शे." आणि मग श्रेणिककडे पाहत राहिला.

खाई त्याला खवखवे, म्हणतात. श्रेणिकनेही तेच धरलं. माझं मन मला खातंय, मी सोसेन, जीजी गारव्यात आहे ना! रोज दुपारी तो स्थानकात यायचा, भिंतीला पाठ लावून बसायचा, आणि ते पुन्हा मरायचे. घास उतरेना. माती पाहिली की पाय उचलून पुढे टाकायला भीती वाटायची.

मग महिला मंडळातल्या पार्वतीबाई झुंबरलालांना सांगत आल्या, की छोट्या महासतीजी भिंतीपाशी जात नाहीत. सगळ्यांच्या मधोमध बसतात, झोपतातही मधोमध. आणि पारणं होऊन आठवडा नाही झाला, तर पुन्हा उपवास धरलाय. गुरुणीजींचंही ऐकत नाहीत.

झुंबरलाल मुलाला घेऊन गेले. गुरुणीजी पाटावर होत्या, दोन बाया माळ घेऊन बसल्या होत्या. एकट्या साध्वीपुढे पुरुषाने जायचं नसतं. महासतीजींनी श्रेणिककडे पाहिलं. डोळे खोल गेले होते.

"श्रावकजी, या भिंतीत जीव आहेत का?"

"नाही, महासतीजी." त्याचा आवाज चिरकला. "एकसुद्धा नाही."

"रोज दुपारी इथे कुणीतरी घाबरतं. वरून सुरू होतं, मग खाली खाली जातं. मग एकदम शांत होतं." ती हळू बोलत होती, दम पुरत नव्हता. "आमच्या इथे राहण्याने कुणाला पीडा होत असेल, तर आम्ही जागा सोडू."

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना नाही, सरांना नाही. दलसिंग तर जीपपाशी होता.

"भिंत रिकामी आहे," तो म्हणाला. "मी आत बघितलंय."

"मग दोष माझ्यात असेल. माझ्या मनात कुठेतरी हिंसा राहिली असेल." तिने डोळे मिटले. "मी तप वाढवते."

आता सांगा, त्याने काय करावं? खरं सांगितलं तर ती त्या क्षणी उठून पत्र्याखाली जाईल, आणि मागच्या खेपेला पत्र्याखाली काय झालं ते त्याने पाहिलं होतं. नाही सांगितलं तर ती न केलेल्या पापासाठी उपाशी राहून झिजेल. इकडे आड तिकडे विहीर. तो रोज उद्या सांगू म्हणायचा. रोज दुपारी सळसळ व्हायची, आणि आता तो भिंतीकडे बघतच नव्हता. मधोमध बसलेल्या त्या पांढऱ्या आकृतीकडे बघायचा. आवाज सुरू झाला की तिची मान ताठ व्हायची. आवाज उतरला की खांदे उतरायचे. एकेका मरणाला ती सोबत करत होती, आणि ते कुणाचं मरण हे तिला माहीतही नव्हतं. एका दुपारी आवाज थांबल्यावर तिचे खांदे उतरले ते उतरलेच. गुरुणीजींनी तिला आडवं केलं. उकळून गार केलेलं पाणी समोर होतं, पण उपवास असा धरला होता की तेही वर्ज्य. तिने मान फिरवली.

तेव्हा श्रेणिक उठला. सगळ्यांसमोर, वडिलांसमोर, त्याने सांगितलं. वारूळ कुठलं, कसं, काय ओतलं, कसला आवाज आला. ही भिंत म्हणजे त्याचीच नक्कल आहे. "तुमच्या मनात काही नाही, महासतीजी. तुम्ही जे ऐकता ते मी केलेलं आहे. तप सोडा. पाणी घ्या."

झुंबरलालांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. ज्या भिंतीची त्यांनी महिनाभर जाहिरात केली होती, त्या भिंतीला त्यांची पाठ टेकलेली होती. ती त्यांनी हळूच पुढे घेतली.

महासतीजी उठून बसल्या. पुष्कळ वेळ त्यांचं लक्ष श्रेणिकच्या हातांकडे होतं.

"कुणासाठी केलंत हे?"

एवढा एकच प्रश्न. श्रेणिकला नियम पाठ होता. 'तुझ्यासाठी' म्हटलं, की ते सगळं वारूळ तिच्या माथी. तिने मुंग्यांना वाचवत काढलेलं बालपण, उपटलेले केस, उपवास, अनवाणी तुडवलेले रस्ते, सगळं त्या एका शब्दाने बुडालं असतं. त्याने मान खाली घातली.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "पहिला नंबर यावा म्हणून. दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाही?"

"नाही."

मुहपत्तीच्या वर तिचे डोळे भरले. दीक्षेनंतर ते त्याने कधी भरलेले पाहिले नव्हते. तिने गुरुणीजींची आज्ञा मागितली, त्यांनी मान हलवली. एका बाईच्या आधाराने ती उभी राहिली, आणि दाराकडे जाण्याआधी भिंतीकडे वळली. एवढे दिवस टाळलेल्या भिंतीसमोर ती गेली, गुडघे टेकले आणि हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं," ती भिंतीला म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही गेलात. मला क्षमा करा."

"महासतीजी!" झुंबरलाल कळवळले. "तुमचा काय संबंध? तो म्हणतोय ना, नंबरासाठी..."

गुरुणीजींनी हाताने त्यांना गप्प केलं.

ती श्रेणिकच्या जवळून गेली, थांबली नाही. रजोहरणाने पुढची फरशी झाडत, जिथे एक मुंगीही नव्हती तिथेसुद्धा झाडत, ती दाराबाहेर अंगणात उतरली. अंगणातल्या उन्हात पाय भाजत असणार. छत्री घेऊन धावायची त्याला सोय नव्हती, हात द्यायची नव्हती, 'जीजी' म्हणायचीही नव्हती. समोरच्या पत्र्याच्या शेडचं दार तिच्यामागे लोटलं गेलं. गुरुणीजी आणि माळा घेऊन बायाही तिच्यामागे गेल्या.

गार स्थानकात बाप आणि लेक उरले. दुपार टळत आली होती, रोजची वेळ केव्हाच होऊन गेली होती. तरी वर, धुराड्यापाशी, तीळ पाखडल्यासारखं सुरू झालं. श्रेणिकने डोळे मिटून घेतले. ते खाली उतरेल, थांबेल, एवढं त्याला ठाऊक होतं. पण ते उतरत नव्हतं, चारही भिंतींत पसरत होतं.

झुंबरलालांनी मान वर केली.

"श्रेणिक," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, "हाऊ कसाना आवाज ई ऱ्हायना रे?"